विरघळणारं फळ, उभं राहणारं पीठ

पीच कॉबलर भाजताना ओव्हनमधली हवा १९० अंश सेल्सिअसला पोचलेली असते. त्याच हवेत ठेवलेल्या, जेमतेम चार बोटं खोल भांड्याच्या तळाशी फळांचा रस मात्र शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो. ओव्हन आणखी तापवला तरी रसातलं पाणी उकळतंय तोवर तो फार पुढे सरकत नाही. त्याच्या दोन बोटं वर मैद्याच्या गोळ्यांचा माथा कोरडा पडतो, १४० अंश ओलांडतो आणि तांबूस होऊ लागतो. एकच भांडं, एकच उष्णता आणि त्यात दोन वेगळी हवामानं, खाली दमट आणि वर कोरडं.

नवल इथेच संपत नाही. ही एकच उष्णता दोन अगदी उलट कामं करते. खाली ती फळाची घडण मोडते आणि वर पिठाची घडण उभारते. घट्ट फोड सैल होते, पातळ गोळा भक्कम होतो. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच आचेवर चालतात आणि ती एकाच क्षणी पुरी व्हावी लागतात. कॉबलरची सगळी करामत या एका गोष्टीत आहे.

पदार्थ दिसायला अगदी साधा. पसरट भांड्यात साखर घातलेली फळं, त्यांवर चमच्याने सोडलेले मऊ पिठाचे गोळे. खाली पारी नाही, लाटणं नाही, नक्षी नाही. भाजलं की गोळे फुगून एकमेकांना टेकतात, त्यांच्या फटींतून रस बुडबुडत वर येतो. गरम असतानाच वाढायचं, सोबत व्हॅनिला आइस्क्रीम.

खाली निखारे, वर निखारे

कॉबलर अमेरिकेचं. इंग्लंडहून तिथे जाऊन वसलेल्या लोकांना ‘पाय’ आणि पुडिंग या पदार्थांची सवय होती, पण नव्या मुलखात भट्टी घरोघरी नव्हती. घरात असायचं ते बिडाचं जाड भांडं. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी यांनी नेदरलँड्समधलं पितळेचं ओतकाम पाहून तशाच वाळूच्या साच्यांत बीड ओतायची पद्धत बसवली आणि १७०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्यामुळे बिडाची भांडी स्वस्त झाली. अमेरिकेत त्यांना तीन पाय आणि उंच काठाचं सपाट झाकण मिळालं. पायांमुळे भांड्याखाली निखारे मावतात, काठामुळे झाकणावरचे निखारे घसरत नाहीत. या भांड्याला ‘डच ओव्हन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांमधून ते हजारो मैल फिरलं. यूटा राज्याने तर १९९७ साली त्याला राज्याचं अधिकृत भांडं म्हणून मान दिला.

बार्टलेट यांच्या अमेरिकी शब्दांच्या कोशात १८५९ साली कॉबलरचं वर्णन आलं, तेही भांड्यातच भाजलेल्या पायचं. भांड्याला आतून खूप जाड पीठ लावायचं आणि त्यावर फळं, सफरचंद नाहीतर पीच. आज आपण करतो ते पीठ वर ठेवलेलं रूप याच घराण्यातलं.

डच ओव्हनमध्ये असं काही भाजताना खाली थोडे आणि झाकणावर जास्त निखारे ठेवतात. खालची आच बिडातून थेट फळांना भिडते. ती जास्त झाली तर रस आटून साखर करपेल. वरच्या पिठाला मात्र कोरडी, जोरकस आच हवी असते. तापमापक हाती नसलेल्या माणसांनी निखाऱ्यांची वाटणी करूनच ती दोन हवामानं घडवली होती.

आपल्या किनाऱ्यालाही ही युक्ती ठाऊक होती. कोकणात मोठ्या काकडीचं धोंडस करताना रवा, गूळ आणि किसलेली काकडी यांचं मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात ओतून वर-खाली निखारे ठेवायची रीत आहे. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजला जातो. ओव्हन नसलेल्या माणसांनी, एकमेकांना न भेटता, एकाच अडचणीवर एकच उत्तर शोधलं.

पीच तिथे कसं पोचलं

पीच मूळचं चीनचं. तिथल्या कुनमिंग शहरात पीचच्या सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीच्या जीवाश्म कोयी सापडल्या आहेत. माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी हे फळ तिथल्या डोंगरांत होतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेलं आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी कोयी पेरत ते दूरवर पसरवलं. १८७० च्या दशकात जॉर्जिया राज्यातल्या मार्शलव्हिल गावी सॅम्युअल रम्फ यांनी ‘चायनीज क्लिंग’ जातीच्या वंशातलं एक नवं झाड वाढवलं आणि त्याला पत्नीचं नाव दिलं, ‘एल्बर्टा’. पिवळ्या गराचं, कोयीपासून सहज सुटणारं आणि रेल्वेच्या प्रवासात टिकणारं हे फळ थेट उत्तरेकडच्या शहरांत पोचलं. जॉर्जियाची ओळखच पीचशी जोडली गेली.

ते फळ ताटात आणणारे हात मात्र बऱ्याचदा कृष्णवर्णीय स्त्रियांचे होते. गुलामगिरीत जन्मलेल्या ॲबी फिशर यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी आपल्या पाककृती तोंडी सांगितल्या, दुसऱ्यांनी लिहून घेतल्या आणि १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं पुस्तक निघालं. दक्षिणेचा स्वयंपाक छापील पानावर आणणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. मोजमापं आणि वेळा त्यांच्या हातांत आणि डोळ्यांत मुरलेल्या होत्या. भांड्यात नेमकं काय घडतं याचा उलगडा विज्ञानाने सावकाश केला.

फळ सुटतं तेव्हा

पीचच्या फोडींवर साखर घालून पाव तास ठेवा. एक थेंब पाणी न घालता भांड्याच्या तळाशी रस साठलेला दिसेल. साखरेचा दाट पाक पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. अजून आच लागलेली नाही आणि फळाने आपलं बळ सोडायला सुरुवात केली आहे.

फळाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. कच्च्या फळात हे पेक्टिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून फळ टणक लागतं. पिकताना फळातली विकरं त्याचे लांब धागे कापू लागतात. ओव्हनची उष्णता तेच काम झपाट्याने पुढे नेते. पेक्टिन रसात उतरतं आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. फार पिकलेलं पीच घेतलं तर त्याचा लगदा होतो, कारण अर्धं काम झाडावरच उरकलेलं असतं. म्हणून कॉबलरला पिकलेलं पण दाबल्यावर किंचित विरोध करणारं फळ घ्यावं. साल काढायची युक्तीही याच ज्ञानातून आलेली आहे. फळ अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकलं की सालीखालचा थर सैल पडतो आणि साल बोटांनी सोलून निघते.

पीचच्या वासामागे लॅक्टोन गटातले रेणू असतात, त्यांतला गॅमा-डेकालॅक्टोन महत्त्वाचा. या गटाशी आपली जुनी ओळख आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसचा गंध तपासला, तेव्हा फळ पिकू लागल्यावर त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन तयार होतात असं त्यांना आढळलं. चीनच्या डोंगरातलं पीच आणि रत्नागिरीचा हापूस यांची कुळं वेगळी, पण पिकताना दोघेही एकाच रासायनिक घराण्यातले गंध गाठतात. हे कळल्यापासून मला पीचच्या वासात आंब्याची ओळख पटते.

कॉबलर भाजताना घरभर वास दरवळतो, तो खरं तर फळातून निसटलेला गंध. वरचं पीठ फळांवर पांघरूण घालून त्यातला काही भाग आत कोंडून ठेवतं. चमच्याने पहिला गोळा उचलला की तो वाफेबरोबर बाहेर येतो.

रस आळतो तेव्हा

फळांनी सोडलेला रस तसाच राहिला तर वरचे गोळे त्यात भिजून गिच्च होतील. म्हणून साखरेबरोबर थोडं कॉर्नफ्लोअर घालतात. मक्याच्या स्टार्चचे कण गार रसात नुसते तरंगत असतात. साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान ते पाणी पिऊन फुगायला लागतात, मग त्यांच्यातले लांब रेणू बाहेर पसरून रसाला दाटपणा देतात. साखर मात्र या कामात आडवी येते. ती पाणी स्वतःकडे धरून ठेवते, त्यामुळे गोड रसात स्टार्चला फुगायला जास्त उष्णता लागते. कडेला बुडबुडे दिसले म्हणून भांडं बाहेर काढू नये ते यासाठीच. मधोमध, सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागी, दाट बुडबुडे संथपणे फुटू लागले की स्टार्चचं काम झालं म्हणायचं.

दाटपणाचा उरलेला भाग भांडं बाहेर काढल्यावर घडतो. रस निवताना स्टार्चचे सुटे रेणू एकमेकांत गुंततात. ओव्हनमधून नुकतंच काढलेलं कॉबलर पातळ दिसतं. तेच वीस मिनिटांनी वाढलं तर रस चमच्यावर धरतो. ही वीस मिनिटं पाककृतीचाच भाग आहेत.

पीठ उभं राहतं तेव्हा

आता वरच्या मजल्यावर जाऊ. मैद्यात गारेगार लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चुरायचे, सगळं एकजीव होऊ द्यायचं नाही. वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. बाजारच्या बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये लोणी ३५ अंशांच्या आतच वितळतं, त्याच्या जागी पोकळी राहते आणि पुढे त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती पोकळी फुगवते. पाण्याची वाफ होताना त्याचं आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढतं. ७५ ग्रॅम बटरमधल्या सगळ्या पाण्याची वाफ झाली तर ती वीस लिटरच्या आसपास भरेल. बरीचशी निसटून जाते, पण जाता जाता पिठाला पदर पाडून जाते.

लोण्याची दुसरी कामगिरी डोळ्यांना दिसत नाही. मैद्यातली प्रथिनं पाणी आणि मळणी मिळाली की ग्लुटेनची चिवट जाळी विणतात. पोळीला ती हवी असते, इथे नको. लोण्याचा पातळ लेप मैद्याच्या कणांना पाण्यापासून थोडं दूर ठेवतो. ताक घातल्यावर पीठ मळायचं नाही, काट्याने चार-सहा वेळा हलवून थांबायचं. ओबडधोबड दिसलं तरी चालेल. हाताने जेवढं कमी काम केलं, तेवढा गोळा हलका होतो.

मग बेकिंग पावडर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पीठ फुगवायचं म्हणजे बहुधा यीस्ट लावून तासन् तास वाट पाहणं, नाहीतर सोडा आणि आंबट दूध यांचा अंदाज बांधणं. १८४३ साली बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. १८५६ साली हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबन हॉर्सफर्ड यांनी कॅल्शियम फॉस्फेटच्या एका आम्ल रूपाचं पेटंट घेतलं आणि पुढे आम्ल व सोडा एकाच डब्यात, कोरड्या स्टार्चसोबत नांदू लागले. ते ओले होईपर्यंत एकमेकांना ओळखत नाहीत. ढोकळ्याच्या पिठात फ्रूट सॉल्ट टाकल्यावर जो फेस उसळतो, तो याच जोडीचा.

एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून, पुरेसं आम्ल मिळालं तर, घरच्या तापमानाला पाव लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. एक ग्रॅम म्हणजे पाव चमच्याहूनही थोडा कमी! पण या वायूला स्वतःचे नवे बुडबुडे पाडता येत नाहीत. लोणी चुरताना आणि पीठ हलवताना जे हवेचे बारीक बुडबुडे आत अडकले, त्यांतच तो शिरतो आणि त्यांना फुगवतो. गोळ्यातलं प्रत्येक छिद्र तुमच्या हाताने आधीच पेरलेलं असतं. आजच्या बहुतेक पावडरींत दोन आम्लं असतात. एक ओलं होताच काम सुरू करतं, दुसरं ओव्हनच्या उष्णतेची वाट पाहतं. बुडबुडे फुगत असतानाच प्रथिनं घट्ट होतात, स्टार्च पाणी पिऊन भिंती भरतो आणि गोळा जसा फुगला तसाच स्थिर होतो.

शेवटी येतो रंग. माथ्यावरचं पाणी उडून गेल्यावरच तिथलं तापमान शंभराच्या वर चढतं. मग शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांच्यात ती अभिक्रिया सुरू होते, जिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली केलं. पावाची साल, भाजलेली कॉफी आणि चुलीवरच्या भाकरीचे डाग, या सगळ्यांचा खमंगपणा तिच्यातून येतो.

दोघांची वेळ जुळवताना

आता प्रत्यक्ष कृती. साधारण वीस सेंटिमीटरच्या चौकोनी, खोलगट काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यासाठी एक किलो पीच घ्या. साल आणि कोय काढून जाड फोडी करा. १०० ग्रॅम साखर, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ लावा. ओव्हन १९० अंशांवर तापला की फळं एकटीच दहा-पंधरा मिनिटं आत ठेवा. हे टाळू नये. गार फळांवर गोळे ठेवले तर माथा तांबूस होईपर्यंत त्यांचं बूड कच्चंच राहतं. गरम रसावर ठेवले की पहिल्या क्षणापासून खालून वाफ मिळते.

तेवढ्यात १५० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि थोडं मीठ एकत्र करा. त्यात ७५ ग्रॅम गार बटर चुरा. अमेरिकेत इथे दाट बटरमिल्क वापरतात. आपलं जेवणातलं ताक त्यासाठी फार पातळ. आंबटसर दही थोड्या पाण्याने सैल करून १०० ते १२० मिलिलिटर घ्या. दह्यातलं आम्ल सोड्याला पुरतं वापरून टाकतं. दही गोड असेल तर सोडा वगळा, कारण आम्लावाचून उरलेला सोडा साबणासारखी चव मागे ठेवतो.

गोळे गरम फळांवर सोडा, मधे फटी ठेवा. वाफेला त्यांतून वाट मिळते. वाट बंद झाली तर ती पिठात मुरते आणि गोळे खालून चिकट राहतात. आणखी तीस-पस्तीस मिनिटं भाजा. मधोमध दाट बुडबुडे दिसले आणि मधला गोळा उचकून पाहिल्यावर आतून कोरडा, जाळीदार निघाला, की दोन्ही कामं एकदम पुरी झाली. माथा आधी लाल झाला तर वर ॲल्युमिनियमची फॉइल सैल टाका. वरचं हवामान थोडं थंडावतं, खालचं तसंच चालू राहतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत आणखी एक प्रकार आहे आणि तो पाहताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. भांड्यात बटर वितळवायचं, त्यावर मैदा, साखर, दूध आणि बेकिंग पावडर यांचं सरबरीत पीठ ओतायचं आणि त्यावर फळं पसरायची. ढवळायचं नाही. ओव्हनमध्ये पीठ बुडबुड्यांनी हलकं होतं, जड फळांच्या मधून वर चढतं आणि त्यांना झाकून टाकतं. खाली ठेवलेलं वर येतं, वर ठेवलेलं खाली जातं, आणि कडा बटरमध्ये तळल्यासारख्या कुरकुरीत होतात.

पीच आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला हिमाचल आणि उत्तराखंडातून येतं. बाकीच्या महिन्यांत दुसरी फळं घ्यावीत. दर फळाला दोन प्रश्न विचारायचे, पाणी किती आणि आंबटपणा किती? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी जवळजवळ नव्वद टक्के पाणी, म्हणून तिला कॉर्नफ्लोअर थोडं जास्त लागतं. तिचा लाल रंग आम्लात टिकतो, म्हणून लिंबू विसरू नये. पिकलेला हापूस फार आंबट नसतो, त्यालाही लिंबू हवं आणि साखर निम्मी पुरे. त्याच्या फोडी लवकर विरतात, म्हणून तो किंचित कमी पिकलेला आणि मोठ्या तुकड्यांत घ्यावा.

उरलेलं कॉबलर दुसऱ्या दिवशी कडक लागतं, तेव्हा ते वाळलं असं आपण समजतो. खरं तर पाणी बहुतेक जागच्या जागी असतं. गारव्यात स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीत रांगा लावतात आणि त्याने पीठ ताठरतं. रात्रीचा भात सकाळी मोकळा आणि टणक होतो तोही याच कारणाने, आणि फोडणीच्या कढईत तो पुन्हा मऊ होतो, कारण उष्णता त्या रांगा मोडते. कॉबलर १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. गोळे आतून मऊ होतात, माथा पुन्हा कुरकुरीत होतो आणि फळ आदल्या रात्रीपेक्षा जास्त मुरलेलं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका. तिथे गोळे मऊ होतील, पण माथ्याला कोरडी आच मिळणार नाही, आणि कॉबलरला दोन्ही लागतात.